जवारी झाडाला रोग होत नाही?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अक्काकडे बैहरला जाऊन आले. बैहर कुठं आलं, असं आपल्याकडे दहातले नऊ जण विचारतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. कान्हाच्या जंगलाचं मुक्कीचं प्रवेशद्वार तिथून जवळ. मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट गोंदिया, तिथून बालाघाट आणि मग घाटातून, जंगलातून बसनं बैहर. दोन रात्री वाटेतच जातात. पण अक्काच्या दारात पोचलं की चुलीवरच्या भाकरीचा वास येतो आणि आपण इंडीलाच आलो की काय, असं वाटतं.

आमचं माहेर इंडीकडचं, सासर जतकडचं. त्यामुळं घरात कन्नड आणि मराठी दोन्ही सुखानं नांदतात. अक्काच्या घरी त्यात हिंदीची भर पडली आहे. दाजींची सगळी नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैहरलाच घर बांधलं आणि परसात झाडं लावली. त्यातली दोन झाडं या लेखाचं कारण आहेत. एक कागदी लिंबू आणि दुसरं संत्रं. एकाच पावसाळ्यात लावलेली, मध्ये जेमतेम दहा फुटांचं अंतर, माती एक, पाणी एक.

पहिल्याच सकाळी अक्कानं मला हाताला धरून लिंबाखाली नेलं. "ई गिडक्क कज्जी हत्तेद नोड," ती म्हणाली. या झाडाला खरूज लागली आहे बघ. खरंच तसं दिसत होतं. पानांवर तपकिरी, खडबडीत, वर आलेले फोड, प्रत्येक फोडाभोवती पिवळं कडं. कोवळ्या फांद्यांवर तेच, लिंबांच्या सालीवर तेच. आणि दहा फुटांवरचं संत्रं मात्र नुकती आंघोळ केलेल्या पोरासारखं स्वच्छ.

दाजी मागून आले. त्यांचा प्रश्न सरळ होता. "हे काही कलम नाही. बी टाकून उगवलेलं गावठी झाड आहे. गावठी झाडाला रोग होत नाही म्हणतात ना? मग याला कसा झाला?"

मी मराठी शिकवते, वनस्पतिशास्त्र नाही. तरी या प्रश्नाचं उत्तर मला थोडंफार माहीत होतं, कारण ते शिकायला आमच्या घराला एक एकर जमीन द्यावी लागली होती. ती गोष्ट पुढं येईलच. आधी लिंबाचं बघू.

अक्का ज्याला कज्जी म्हणाली, त्याला आपल्याकडचे मराठी शेतकरी खैऱ्या म्हणतात, पुस्तकात कँकर म्हणतात. हा बुरशीचा रोग नाही, जिवाणूचा आहे. झान्थोमोनास नावाच्या जिवाणूंचं एक मोठं घराणं आहे, त्यातला हा एक. त्याला स्वतःच्या पायांनी फार लांब जाता येत नाही. पावसाचा थेंब फोडावर पडतो, उडतो, आणि त्या तुषारातून जिवाणू शेजारच्या पानावर जातो. वाऱ्यासह पाऊस असेल तर आणखी लांब जातो. कोवळ्या पानावर पोचला की पर्णरंध्रातून आत शिरतो. काट्यांनी पानं ओरखडली असतील किंवा नागअळीनं पान पोखरलं असेल तर त्याला दार उघडंच मिळतं. आत गेल्यावर तो पेशींमध्ये स्वतःची प्रथिनं सोडतो आणि झाडाच्याच एका जनुकाला कामाला लावतो. पेशी नको तेवढ्या वाढतात, पान फुटतं, फोड येतो. लिंबाचा रस बिघडत नाही, पण डागाळलेलं लिंबू बाजारात कोण घेतो? इंडीच्या लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, राज्याचं लिंबू विकास मंडळही इंडीतच आहे. पण खैऱ्याचे डाग असलेली पोती अडत्यासमोर उघडताना माझ्या अप्पांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी लहानपणापासून बघत आले आहे.

मग शेजारचं संत्रं कसं वाचलं? लिंबूवर्गातल्या सगळ्याच झाडांना हा रोग सारखा होत नाही. कागदी लिंबू आणि ग्रेपफ्रूट सगळ्यांत नाजूक. मोसंबी मधली. संत्रं बऱ्यापैकी टिकणारं. चिनी कुमक्वाट तर जवळजवळ दाद न देणारं. १९२१ मध्ये मॅक्लीन नावाच्या अभ्यासकानं संत्रावर्गातल्या एका झाडाची आणि ग्रेपफ्रूटची पर्णरंध्रं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. संत्र्याच्या रंध्राच्या तोंडावर एक कडा पुढं आलेली असते, त्यामुळं पाण्याचा थेंब सहजासहजी आत जात नाही. आणि पाणी नाही तर जिवाणूही नाही. आपल्या जुन्या वाड्यांना पागोळ्या असतात ना, तसंच काहीसं. अर्थात पान फाटलं, जखम झाली, तर या कडेचा फारसा उपयोग नाही.

आता गंमत बघा. या दोघांतलं 'गावठी' कोणतं? संत्रं नागपूरला भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आलं असं सांगतात. म्हणजे बैहरला ते पाहुणंच. गावठी म्हणून मिरवतं ते लिंबू आणि रोग त्यालाच. म्हणजे 'गावठी' आणि 'निरोगी' हे दोन शब्द आपण उगाच एका दाव्याला बांधतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दाजी म्हणाले, बी टाकून उगवलेलं आहे. बहुतेक झाडांमध्ये बी म्हणजे आई आणि बाप दोघांची मिसळ. प्रत्येक रोप वेगळं. पण कागदी लिंबाच्या बीमध्ये एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे निव्वळ आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. त्यांत बापाचा अंश नसतो. म्हणजे बी लावलं तरी उगवतं ते बहुधा आईचीच नक्कल. आमच्या स्टाफरूममधले वनस्पतिशास्त्राचे सर म्हणतात, "मॅडम, लिंबाचं बी म्हणजे झेरॉक्स मशीन." इंडीपासून बैहरपर्यंतची कागदी लिंबं ही अशी एकमेकांची सख्खी भावंडं, खरं तर भावंडांहूनही जवळची. एकाची जी उणीव, तीच सगळ्यांची.

हा रोग परदेशातून आला असेल, असंही काही जण म्हणतात. तसं नाही. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या संग्रहात, देहरादून भागातून १८२७ ते १८३१ च्या दरम्यान गोळा केलेली लिंबूवर्गातली वाळलेली पानं आहेत. त्यांवर खैऱ्याचे फोड आहेत. रोगाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे लिंबू जितकं आपलं, तितकाच खैऱ्याही आपला. गेला तो इथून बाहेर. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो १९१० च्या सुमारास रोपांबरोबर पोचला. त्यांनी झाडं जाळून तो संपवला, तो परत आला. १९९५ नंतरच्या मोहिमेत तर एका रोगट झाडापासून १९०० फुटांच्या आतलं लिंबूवर्गातलं प्रत्येक झाड तोडायचं, मग ते निरोगी असलं आणि कुणाच्या परसातलं असलं तरी, असा नियम झाला. लोक कोर्टात गेले. दीड कोटीहून जास्त झाडं तोडली गेली. २००४ आणि २००५ च्या वादळांनी रोग सगळीकडे उडवला आणि जानेवारी २००६ मध्ये सरकारनं हात टेकले.

फ्लोरिडातल्या त्या परसबागांबद्दल वाचताना मला आमचं इंडीचं अंगण आठवतं.

अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, लग्न होऊन आल्यावर दारात डाळिंबाचं झाड लावलं होतं. तिच्या माहेराहून आणलेलं. दाणे फिकट गुलाबी, बी जरा टणक, पण गोडी अशी की आम्ही भावंडं कच्चीच फळं तोडायचो आणि मार खायचो. अव्वा २००४ मध्ये गेली. त्यानंतर ते झाड म्हणजे आम्हाला अव्वाच. सणाला त्याला हळदकुंकू लागायचं.

२००५ मध्ये तम्मानं, माझ्या धाकट्या भावानं, सोसायटीचं कर्ज काढून तीन एकर डाळिंब लावलं. वाण भगवा, आमच्या इंडीकडे त्याला केसर म्हणतात. तेव्हा सांगोला, आटपाडी, जत, पलीकडे विजापूर, बागलकोट, जो तो डाळिंबच लावत होता. गुटी कलमं त्यानं एका रोपवाटिकेतून आणली. रोपं हिरवीगार होती, स्वस्त होती, कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी, २००८ च्या पावसाळ्यात मृग बहाराची फळं लिंबाएवढी झाली आणि पानांवर तेलाचे थेंब पडल्यासारखे डाग दिसले.

तेल्या हा शब्द आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. कन्नडमध्ये त्याला दुंडाणु अंगमारी रोग म्हणतात. दुंडाणु म्हणजे जिवाणू. हाही त्याच झान्थोमोनास घराण्यातला, खैऱ्याचा चुलतभाऊ. भारतात त्याची पहिली नोंद दिल्लीची, १९५२ ची. पुढं कित्येक वर्षं तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. २००० नंतर मात्र महाराष्ट्र आणि कर्नाटकात त्यानं बागाच्या बागा उठवल्या. फळावर काळा डाग पडतो आणि तिथंच चांदणीसारखी किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखी भेग पडते. फांदीच्या पेरावर आला तर फांदी तिथून काडकन मोडते.

तपासायला आलेल्या एका जाणत्या माणसानं बाग बघितली, परत जाताना अंगणात थांबून अव्वाच्या झाडाची पानं उलटून बघितली आणि म्हणाला, "यावर पण आहे. हे काढून टाका."

आम्हाला ते ऐकवलं नाही. मी तेव्हा जतला होते. तम्मानं फोन केला आणि मी त्याला ठामपणे सांगितलं, "अव्वाचं झाड जवारी आहे. जवारी झाडाला असले रोग होत नाहीत. ते डाग उन्हाचे असतील. हात लावू नको." शिकलेली बहीण, कॉलेजात शिकवणारी. त्यानं ऐकलं.

बाग छाटली, फवारली, विश्रांती दिली. २००९ च्या पावसात तेल्या परत आला. या वेळी तीनही एकरांत. त्या हिवाळ्यात तम्मानं बाग मुळासकट काढून जाळली, आणि अव्वाचं झाडही. कर्ज फेडायला विहिरीकडचं एक एकर विकलं. त्यानं मला आजवर एका शब्दानं बोललेलं नाही. तेच जास्त लागतं.

अव्वाच्या झाडामुळंच बाग गेली, असं मी म्हणत नाही. रोग पहिल्यांदा बहुधा गुटीतूनच आला. गुटी म्हणजे आईच्या फांदीचा तुकडा. आईच्या पेरात जिवाणू लपलेला असला की तो लेकराबरोबर सासरी येतो. पण दुसऱ्या वर्षी रोग परतला, त्यात अंगणातल्या झाडाचा काहीच वाटा नव्हता, असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सगळी बाग छाटून धुऊन काढायची आणि शंभर पावलांवर एक रोगट झाड पूजेला ठेवायचं, याला काय म्हणावं?

नंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचू लागले. डाळिंबाचं आपल्याकडचं घराणं फार लहान आहे. पुण्याला गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमांनी १९३६ मध्ये आळंदी वाणाच्या झाडांतून एक झाड निवडलं, तो गणेश. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून पुढं भगवा काढला. मृदुलाही त्याच घरातली. शिवाय लागवड गुटीनं, म्हणजे एका झाडाच्या हजारो नकला. हजारो एकरांवर जणू एकच झाड उभं. जिवाणूला एका कुलपाची किल्ली सापडली की सगळे वाडे उघडे. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. तेव्हापासून शोध चालू आहे, पण बाजारात चालणारा आणि तेल्याला दाद न देणारा वाण अजून शेतकऱ्याच्या हातात आलेला नाही. आणि आपली जुनी जवारी झाडं? त्यांतलीही बहुतेक तेल्याला बळी पडतात.

थोडीफार प्रतिकारशक्ती दिसली ती दुसऱ्याच ठिकाणी. हिमाचलाकडच्या उतारांवर दारू नावाचं रानडाळिंब आहे. फळ लहान, आंबट, वाळवून अनारदाणा करायच्या कामाचं. आणि नाना नावाचं ठेंगणं, कुंडीत लावायचं शोभेचं डाळिंब. बंगळूरजवळ हेसरघट्टा इथल्या बागायती संशोधन संस्थेनं या दोघांना संकरासाठी हाताशी धरलं. पण रानझाडाकडून गुण घ्यायचे म्हणजे त्याचा आंबटपणा आणि लहान फळ हेही पदरात पडतं. ते दूर करता करता पिढ्या जातात, आणि झाडाची एक पिढी म्हणजे तीन-चार वर्षं. सोलापूर केंद्रानं २०१७ मध्ये आणलेल्या 'सोलापूर लाल' या वाणात भगव्याबरोबर गणेश, नाना आणि दारू यांचंही रक्त आहे. पण त्याची ओळख लोह, जस्त आणि क जीवनसत्त्वासाठी आहे, तेल्या न येणारा म्हणून नाही.

लिंबात त्या मानानं थोडं बरं आहे. राहुरीचा साई सरबती खैऱ्याला बऱ्यापैकी टिकतो. हेसरघट्ट्याचा रसराज हा लिंबू आणि नेपाळी गोल लिंबू यांचा संकर, तोही टिकाऊ. 'टिकतो' म्हणजे येतच नाही असं नव्हे, कमी येतो. मेघालयात गारो टेकड्यांवर नोक्रेक इथं रानटी लिंबूवर्गीय झाडांसाठी जंगल राखून ठेवलं आहे. उद्या लागणारे गुण अशाच ठिकाणी असतील.

अमेरिकेतल्या नाशपातीची गोष्टही अशीच. झाडाला जिवाणूमुळं रोग होतो हे बरिलनं १८८० च्या सुमारास नाशपातीवरच दाखवलं. पानं जळाल्यासारखी करणाऱ्या त्या रोगापुढं युरोपी नाशपाती टिकेना, म्हणून १९१७-१८ च्या सुमारास चीनमधून रानटी कॅलेरी नाशपातीचं बी मणावारी नेलं. त्याचे खुंट टिकले. पण तेच झाड पुढं शोभेसाठी रस्तोरस्ती लागलं, रानात पसरलं, आणि २०२३ मध्ये ओहायो राज्यानं त्याच्या विक्रीवर बंदी घातली. एका रोगावरचा उपाय दुसऱ्या दुखण्याचं मूळ झाला.

हे सगळं मी बैहरच्या परसात बसून, चहा थंड होईपर्यंत, दाजींना सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे गावठी झाडं लावण्यात काही अर्थच नाही म्हणायचं?"

अर्थ आहे, आणि तो बैहरलाच डोळ्यांसमोर होता. गावाबाहेर रस्त्याकडेला जुने आंबे आहेत. आपण रायवळ म्हणतो, तिकडे बिजू म्हणतात. इकडच्या आंब्याच्या कोयीत बहुधा एकच गर्भ असतो, आई-बापाच्या मिसळीचा. त्यामुळं प्रत्येक झाड वेगळं. एकाचं फळ शेपूसारखं वासाचं, दुसऱ्याचं चोखायचं, तिसऱ्याचं नुसतं लोणच्याचं. आंब्यालाही याच झान्थोमोनास घराण्याचा काळ्या डागांचा रोग होतो. पुण्याच्या प्रा. पटेल, मोनीज आणि कुलकर्णी यांनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. असा रोग रायवळीच्या रांगेत शिरला तर काही झाडांना जास्त होईल, काहींना कमी, एखाद्याला जवळपास नाहीच. पुढची रांग त्या एखाद्यापासून उभी करता येते. जवारीची ताकद ही अशी आहे. एकेका झाडात ती असेलच असं नाही. ती असते झाडं एकमेकांहून वेगळी असण्यात. आपण एकच गावठी झाड घेऊन त्याच्या हजार गुट्या बांधल्या, तर ते 'गावठी' राहिलं तरी ती ताकद गेली.

आता लिंबाचं काय करायचं? अक्काला वाटत होतं, मी तोडा म्हणेन. परसातलं एकटं झाड होतं, जवळपास लिंबाची बाग नव्हती. म्हणून तोडायची घाई केली नाही. कोरडा दिवस बघून फोड आलेल्या फांद्या डागाच्या खाली दोन-तीन बोटं धरून कापल्या. प्रत्येक कापाला कात्री जंतुनाशकात बुडवली. पडलेली पानं, काटक्या सगळं गोळा करून जाळलं. मग बोर्डो मिश्रण.

हे ऐकून दाजी हसले. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे विरघळवून एकत्र करायचे, आणि त्याच दिवशी वापरायचे. मोरचुदात असतं तांबं. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी फळं खाऊ नयेत म्हणून हे निळं पाणी शिंपडायचे. त्या वेलींवर केवडा रोग कमी दिसतो, हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते औषध म्हणून जाहीर केलं. "आयुष्यभर तांबं काढलं," दाजी म्हणाले, "झाडाला घालायची वेळ आज आली." त्यांनी बादलीत लाकडी काठीनं ते ढवळलं, लोखंडी भांडं वापरायचं नसतं, हे त्यांना माझ्या आधी माहीत होतं.

पण तांबं म्हणजेही शेवटचा उपाय नव्हे. वर्षानुवर्षं फवारलं की ते मातीत साठतं, आणि त्याला न जुमानणारे जिवाणूही तयार होतात. स्ट्रेप्टोमायसीनची तर वेगळीच काळजी. माणसांच्या क्षयरोगावरचं हे औषध आपण डाळिंबावर बेसुमार मारलं. शेतीतल्या त्याच्या वापरावर बंदी आणण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये काढला, तो त्याचसाठी. औषधापेक्षा शिस्त बरी: ओळखीच्या, तपासलेल्या झाडाचंच रोप घ्यायचं, डाळिंबाला तेल्याच्या भागात मृगाऐवजी हस्त बहार धरायचा, म्हणजे कोवळी फळं भर पावसात सापडत नाहीत, आणि बागेजवळचं रोगट झाड कितीही लाडकं असलं तरी त्याला वेगळा न्याय द्यायचा नाही.

आणखी एक काम आपल्यापैकी कुणालाही करता येईल. शेजारची सगळी झाडं रोगानं काळी पडली असताना एखादं झाड तीन-चार पावसाळे स्वच्छ राहिलं, तर ते लक्षात ठेवा, जवळच्या संशोधन केंद्राला कळवा. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावानं नोंदवण्याचा हक्क दिला आहे. मात्र शेजारी रोग असला पाहिजे, ही अट विसरू नका. ही अट किती महत्त्वाची आहे ते मला निघायच्या दिवशी कळलं.

अक्कानं मला परसाच्या कोपऱ्यात नेलं. तिथं भिंतीला लागून एक डाळिंब होतं. मला ते आधी दिसलंच नव्हतं. २००९ मध्ये अव्वाचं झाड काढायच्या आधी अक्का इंडीला आली होती. एका बिनडागाच्या फळाचे दाणे तिनं धुऊन, रुमालात बांधून बैहरला नेले होते. त्यातलं हे एक जगलं. मी चष्मा लावून त्याचं एकेक पान उलटून बघितलं. एकही डाग नाही.

"बघ, अव्वाच्या झाडाला रोग नाही," अक्का म्हणाली.

क्षणभर मलाही तेच म्हणावंसं वाटलं. पण आसपास दुसरं डाळिंबच नव्हतं. रोग येणार कुठून? रोग न येणं वेगळं आणि रोगाला दाद न देणं वेगळं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एक फळ तोडून माझ्या हातात दिलं. दाणे गडद लाल होते, चव चांगलीच आंबट. अव्वाच्या झाडाची ती गोडी नाही. बीचं झाड, आईसारखंच कसं निघेल?

"याची गुटी बांधून तम्माला पाठवू का?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "आधी मी त्याच्याशी बोलते."

इंडीला जाऊन आले. सतरा वर्षांपूर्वी फोनवर जे सांगितलं होतं, त्याबद्दल पहिल्यांदा बोलले. तम्मा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अक्काला सांग, गुटी नको. चार बिया पाठव. कुठलं झाड कसं निघतंय ते बघू."